प्रौढांची तालीम : आधी पडावयास शिकवा

गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल भरते तेव्हा आखाड्याभोवती बसलेल्या गर्दीत चाळिशी ओलांडलेल्या माणसांची जागा ठरलेली असते. रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांना ती चुचकारतात, मोठ्या इनामाच्या जोडीवर आपले मत देतात, आपल्या उमेदीत आपण कोणाला कसे चीत केले होते ते शेजाऱ्याला ऐकवतात, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून उठतात. कुस्ती ही त्यांच्या दृष्टीने केवळ पाहावयाची गोष्ट झालेली असते. शरीर कमावण्याचे वय एक आणि कमावलेले शरीर संसारात खर्ची घालण्याचे वय दुसरे, अशी वाटणी आपल्या समाजाने कधीचीच करून ठेवली आहे.

अलीकडे ही वाटणी ढळू लागली आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर स्वसंरक्षणाच्या शिक्षणाविषयी देशभर जी जाग आली, तिचा परिणाम प्रथम शाळांतून दिसला. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतील मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचे आत्मरक्षा-प्रशिक्षण देण्याची तरतूद झाली. तालुक्याच्या गावांतून कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग निघाले. आता त्या मुलींच्या आया, त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिका, बँकेतील कारकून, पतपेढीची वसुली घेऊन फिरणारे प्रतिनिधी, रात्रपाळीच्या परिचारिका असे सगळेच विचारू लागले आहेत की, आम्हांला या वयात काही शिकता येईल काय? रनाळ्यासारख्या गावातून नंदुरबारला किंवा दोंडाईच्याला नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्या, परतीची एस.टी. चुकली की अंधारात फाट्यावर उभे राहणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न निव्वळ हौसेचा नसतो.

या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "का नाही? उद्यापासून या." हे उत्तर खरे आहे, पण अर्धे खरे आहे. त्याचा राहिलेला अर्धा भाग मला अनुभवाने शिकावा लागला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी अशाच एका वर्गात नाव घातले. वर्ग कोणता आणि कोठला हे महत्त्वाचे नाही. वर्गात चौदा ते वीस वयाची तीसेक मुले होती आणि आम्ही चार प्रौढ. जागा म्हणजे एका इमारतीची पडवी, खाली शहाबादी फरशी. नवव्या दिवशी जोडीजोडीने एकमेकांस उचलून टाकण्याचा सराव सुरू झाला आणि माझ्याच महाविद्यालयातील एका मुलाने मला गुरुजींच्या आज्ञेनुसार, अत्यंत आदरपूर्वक, फरशीवर टाकले. पडताना कोणीही करील तेच मी केले, म्हणजे हात पुढे टेकला. मनगटाचे हाड मोडले. पुढचे सहा आठवडे मी मागणी-पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर डाव्या हाताने काढल्या. विद्यार्थ्यांच्या मते त्या पूर्वीइतक्याच अनाकलनीय होत्या.

महिनाभरात आम्ही चौघेही त्या वर्गातून गळालो. एकाचा गुडघा दुखावला, एक शिक्षिका माझे प्लास्टर पाहूनच थांबल्या, चौथ्या गृहस्थांनी कारणही सांगितले नाही. शिकवणारा माणूस वाईट नव्हता. वेळेवर येणारा, स्वतः मेहनत करणारा तरुण होता तो. त्याची चूक एवढीच की, त्या मुलांना तो जे आणि जसे शिकवीत होता तेच आणि तसेच त्याने आम्हांला शिकवले. प्रौढांच्या स्वसंरक्षण-शिक्षणाचा जो प्रश्न आहे तो माझ्या मते येथेच आहे.

चाळिशीनंतर शरीर शिकत नाही, असे मुळीच नव्हे. योग्य व्यायाम मिळाला तर साठी-सत्तरीतही स्नायूंची ताकद वाढते, हे आता वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. अडचण वेगळीच आहे. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने तयार होत नाहीत. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, परंतु त्या स्नायूला हाडाशी बांधणारी जी कंडरा तिला त्याच भाराची सवय व्हावयास महिने लागतात, आणि वय वाढेल तसा हा काळ लांबतो. साहजिकच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसाला अंगात बळ आल्यासारखे वाटते, तो उत्साहाने उंच लाथ मारू लागतो, आणि नेमके त्याच वेळी मांडीमागचा स्नायू ताणला जातो किंवा टाचेवरची जाड कंडरा तुटते. ही टाचेची दुखापत तिशी ते पन्नाशीतल्या, एरवी बैठे काम करणाऱ्या आणि मधूनच मैदानावर उतरणाऱ्या पुरुषांत विशेष आढळते. रक्तदाब असलेला माणूस श्वास कोंडून दंड-बैठका मारतो तेव्हा तो दाब त्या क्षणी आणखी चढतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे विरळ होऊ लागतात. मधुमेह्याची जखम सावकाश भरते. यांतले काहीही चौदा वर्षांच्या मुलाला लागू नाही, म्हणून त्याच्यासाठी आखलेल्या शिक्षणक्रमात याची नोंद नसते.

शरीराइतकाच संसाराचाही फरक आहे, आणि माझ्या विषयाच्या अंगाने पाहता तो अधिक महत्त्वाचा. विद्यार्थ्याचा हात मोडला तर त्याची एखादी परीक्षा हुकेल. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकरी बाईचा हात मोडला तर तिची मजुरी बुडते, तिच्या जागी दुसरे माणूस लावावे लागते, आणि घरातली भाकरी थापण्यापासून पाणी भरण्यापर्यंतचे काम बहुधा शाळकरी मुलीवर येऊन पडते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंची अवस्था फारशी वेगळी नाही : तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर काही नाही. एक्स-रे आणि प्लास्टरचा खर्च हा अशा दुखापतीच्या एकूण किमतीतला लहानसा भाग असतो. आता याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहावे. एखाद्या वर्षात आपल्यावर अनोळखी माणसाकडून अंगावर येण्यासारखा हल्ला होण्याचा संभव, देवदयेने, थोडा असतो. फरशीवर, तयारीवाचून, आपल्याहून निम्म्या वयाच्या जोडीदाराबरोबर झटापट करताना लागण्याचा संभव त्याहून पुष्कळ अधिक असतो. स्वसंरक्षणाचे शिक्षण हा एक प्रकारचा विमाच होय. ज्या विम्याचा हप्ता संभाव्य नुकसानीहून जड, तो शहाणा माणूस उतरवीत नाही.

मग प्रौढांनी या वाटेला जाऊच नये काय? तसे मला म्हणावयाचे नाही. हप्ता कमी करता येतो, आणि तो कसा करावा हे आपल्याकडील जुन्या तालमींना चांगले ठाऊक होते.

कुस्तीच्या तालमीत पाऊल टाकले की प्रथम हौदा दिसतो. त्यातली तांबडी माती रोज फावड्याने खणून मोकळी केलेली असते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले असते. यात भाविकतेचा भाग असेलही, परंतु मोकळी आणि दमट माती पडणाऱ्याला झेलते, ही त्यातली व्यवहाराची गोष्ट होय. आपण आखाडे सोडून सिमेंटच्या सभागृहांत आलो तेव्हा माती मागे राहिली आणि तिच्या जागी काहीच आले नाही. तालमीत दुसरा एक भेद पाळला जाई, तो 'जोर' आणि 'कुस्ती' यांतला. जोर करताना समोरच्याला पाडणे हा हेतू नसतो. कसलेला गडी नवख्याला आपल्या अंगावर डाव करू देतो, चुकला तर तेथेच थांबवतो, आणि दोघेही धड अंगाने बाहेर येतात. कुस्ती म्हणजे निकाल, आणि निकाल वर्षातून काही वेळा. हल्लीच्या वर्गांत हा भेद पुसला जात आहे. पट्ट्यांच्या परीक्षा, स्पर्धा, पदके यांमुळे रोजचा सरावच निकालासारखा होतो.

मल्लखांबाचा इतिहासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातील बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले. ही विद्या त्यांना वणीच्या सप्तशृंगगडावर दृष्टांताने मिळाली अशी आख्यायिका आहे, आणि चैत्रात खानदेशातून गडावर पायी जाणाऱ्यांना ती ऐकून नवल वाटणार नाही. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कल्पना विलक्षण व्यवहारी होती. प्रतिस्पर्ध्याच्या जागी लाकडी खांब. पकड, पेच, अंगाची लवचिकता हे सगळे त्याच्यावर घटवावयाचे. खांब उलटून मारीत नाही, चेव येऊन अंगावर येत नाही, आणि शिकणाऱ्याच्या वेगाहून अधिक वेगाने चालत नाही. पंचेचाळिशीच्या माणसाने मल्लखांबावर चढावे असे मी सुचवीत नाही. पण आधी न मारणाऱ्या वस्तूवर शिकावे, मग माणसावर, हा क्रम त्याच्यासाठी तरुणापेक्षा अधिक आवश्यक आहे. वाळू आणि चिंध्या भरलेले, आढ्याला टांगलेले पोते हे काम उत्तम करते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या मते वस्तादाच्या स्थानाची. बडोद्याच्या जुम्मादादांच्या आखाड्याची धुरा वाहणारे प्रोफेसर माणिकराव हे व्यायामाचे आचार्य म्हणून जेवढे प्रसिद्ध होते, तेवढेच हाडवैद्य म्हणूनही. बडोद्यालाच पुढे द. चिं. मुजुमदार यांनी व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा मराठी खंड सिद्ध केले, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते, कारण खानदेशच्या सीमेपासून जवळ असलेल्या त्या शहराचे हे ऋण आपण विसरत चाललो आहोत. मुद्दा असा की, शिकवणारा आणि मोडलेले हाड बसवणारा हा पुष्कळदा एकच माणूस असे. पठ्ठ्या जायबंदी झाला तर उपचार त्यालाच करावे लागत, दंगलीतली जोड मोडे ती त्याची, आणि गावात नाव जाई तेही त्याचेच. ज्याला नुकसान सोसावे लागते तो नुकसान टाळतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आम्ही शिकवतो. आजच्या वर्गात फी आगाऊ घेतली जाते आणि प्रवेश-अर्जावर "इजा झाल्यास वर्ग जबाबदार नाही" असे एक वाक्य छापलेले असते. त्या एका वाक्याने काळजी घेण्याचे सगळे कारणच नाहीसे केले आहे. (जुन्या तालमीची तरफदारी केली म्हणून आज कोणी मोडका हात हाडवैद्याकडे नेऊ नये. आधी एक्स-रे काढावा. माणिकरावांच्या काळी तो गावोगाव नव्हता.)

पडणाऱ्याला झेलणारी माती गेली, तेव्हा पडण्याचे शास्त्रच शिकवणे हा एक मार्ग उरतो, आणि ते जपान्यांनी फार पद्धतशीर बांधले आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था काढून ज्यूदो सुरू केला. ते स्वतः लहान चणीचे होते. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार रोजच्या झुंजीतून त्यांनी बाजूला काढले, जे उरले ते पूर्ण जोराने पण सुरक्षितपणे करता यावे अशी रचना केली, आणि नवशिक्याला काहीही शिकवण्याआधी पडणे शिकवण्याचा पाया घातला. रवींद्रनाथ ठाकुरांना या विद्येचे महत्त्व इतके पटले होते की, १९२९ मध्ये त्यांनी शिंझो ताकागाकी या ज्यूदो-शिक्षकांना जपानहून शांतिनिकेतनात आणले.

ही पडण्याची विद्या फार अवघड नाही. हनुवटी छातीशी टेकलेली ठेवावयाची, म्हणजे डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटत नाही. श्वास रोखावयाचा नाही, सोडावयाचा. पाठ ताठ न ठेवता गोल करावयाची. तळहात टेकून अंग तोलण्याचा प्रयत्न करावयाचा नाही, तर कोपरापासून तळव्यापर्यंतचा सगळा हात अंगापासून थोडा दूर, एकदम जमिनीवर आपटावयाचा, म्हणजे धक्का मनगटाच्या एका हाडावर न येता मोठ्या भागावर पसरतो. पुढे पडताना खांद्यावरून कलते लोळावयाचे. आधी निजून, मग उकिडवे बसून, मग गुडघ्यांवरून, आणि काही आठवड्यांनंतरच उभ्याने. ऐकताना हे सोपे वाटते. करताना मात्र हात पुढे टाकण्याची जन्मजात खोड मोडावी लागते, आणि ती मोडावयास शेकडो वेळा पडावे लागते. माझ्या मनगटाने हा धडा नवव्या दिवशी एका आवृत्तीत घेतला, पण त्या पद्धतीची शिफारस मी कोणाला करणार नाही.

या एका गोष्टीवर मी इतका वेळ का थांबलो, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, पडणे हेच सामान्य माणसावर होणारे सर्वांत नित्याचे आक्रमण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल याचाच क्रम लागतो. न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी, विहिरीची पायरी, खडीवर घसरणारी मोटारसायकल, ओला बांध यांना कराटेचा पट्टा दिसत नाही. लाथ मारण्याचा प्रसंग आपल्यातील बहुतेकांवर उभ्या आयुष्यात येणार नाही. पडण्याचा प्रसंग प्रत्येकावर येईल, आणि साठीनंतर वारंवार येईल. तेव्हा प्रौढाला वर्षभरात दुसरे काहीही शिकता आले नाही आणि एवढेच जमले, तरी त्याची फी वसूल झाली असे मी समजेन.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाही. हल्लेखोर काही गादी अंथरून येणार नाही, तेव्हा अशा जपून केलेल्या तालमीने खोटा आत्मविश्वास तेवढा वाढेल, असे कडक शिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणतात. खोट्या आत्मविश्वासाची भीती खरी आहे. पण ती कडक शिक्षणालाही तितकीच लागू आहे, कारण चाकूपुढे दोन वर्षांचा सरावही तोकडाच पडतो. शिवाय लष्करातील जवानाशी आपली तुलना करताना त्याला मिळणारा आहार, विश्रांती, रुग्णालय आणि दुखापतीतही चालू राहणारा पगार आपण विसरतो.

शिक्षणाचा खरा लाभ कोठून येतो याविषयी एक चांगला पुरावा उपलब्ध आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने विद्यार्थिनींचे दोन गट पाडले. एका गटाला केवळ माहितीपत्रके दिली, दुसऱ्याला एकूण बारा तासांचे शिक्षण दिले. वर्षभरात पहिल्या गटातील ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला होता, दुसऱ्या गटात हे प्रमाण ५.२ टक्के होते. केवळ बारा तासांत हा फरक पडला, आणि त्यातही हातापायांच्या माराला दोनच तास होते. उरलेला वेळ कशाला दिला होता? धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसाला स्पष्ट नकार देताना जो संकोच आड येतो तो मोडणे, ओरडणे, तेथून निघून जाणे, यांना. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच दिसते की, नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. घटत्या सीमांत लाभाचा नियम येथे चांगला लागू पडतो : पहिल्या काही तासांचा लाभ सर्वांत मोठा, आणि त्या तासांत हाड मोडण्याचे काहीच कारण नाही.

निघून जाणे, बोलून वेळ मारून नेणे, यांत काहींना भ्याडपणा वाटतो. गनिमी काव्याच्या मुलखात हे ऐकावे लागते याची मौज वाटते. महात्मा फुले तरुणपणी लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले होते. १८५६ साली दोन मारेकरी रात्री त्यांच्या घरात शिरले तेव्हा ही विद्या त्यांच्या अंगात होतीच. चरित्रकारांनी नोंदवले आहे की, त्यांनी त्या दोघांशी बोलणे काढले, आपल्याला मारून तुमच्यासारख्या गरिबांचेच भले होणार असेल तर खुशाल मारा असे सांगितले, आणि मारेकऱ्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांतला रोडे पुढे त्यांचा अंगरक्षक झाला आणि धोंडीराम कुंभार सत्यशोधक पंडित. असा परिणाम घडवण्याइतके सामर्थ्य तुमच्या-माझ्या वाणीत नाही. परंतु ज्याला हात चालवता येतो त्याला प्रथम बोलण्याचे धैर्य येते, हा तालमीचा गुण त्या प्रसंगात दिसतो आणि तो कमी मोलाचा नाही.

कायद्याची मर्यादाही येथे शिकवली गेली पाहिजे. मी ज्या वर्गात गेलो तेथे तिचा उच्चारही झाला नव्हता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ ही कलमे खाजगी बचावाच्या हक्काची आहेत. पूर्वीच्या दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. हक्क भक्कम आहे, मात्र बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास सवड असेल तेथे तो हक्कच उरत नाही. पळणाऱ्या चोराला गाठून त्याचा हात मोडणारा कारकून स्वतःच आरोपी होऊ शकतो, आणि सरकारी नोकर असेल तर निलंबनाचीही धास्ती त्याच्या मागे लागते.

तेव्हा प्रौढांसाठी वेगळी तुकडी हवी, ही माझी पहिली मागणी. निदान पहिला महिना पडण्यालाच द्यावा. आठवड्यातून दोनच दिवस सराव, मध्ये विश्रांतीचे दिवस, आणि प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटे अंग तापवल्याखेरीज लाथ-बुक्की नाही. डोक्यावर मार देण्याघेण्याचा सराव प्रौढांना कधीच नको, कारण मेंदूला मार खाण्याची सवय लागत नसते. चुकून डोक्याला लागलेच तर त्या दिवशीचा सराव तेथेच बंद आणि डॉक्टरांची भेट. दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या ठणकल्या तर ती मेहनतीची खूण समजावी, पण एकाच सांध्यात एकाच जागी कळ आली तर थांबावे. हे थांबणे मात्र प्रौढाला फार जड जाते. आपल्या मुलाच्या वयाच्या जोडीदारापुढे "पुरे" म्हणावयाची त्याला लाज वाटते, आणि माझ्या मते निम्म्या दुखापती या लाजेपोटी होतात. ज्यूदोत जमिनीवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारली की तत्क्षणी पकड सोडावी लागते. मराठीत थाप मारणे म्हणजे खोटे बोलणे. आखाड्यात मात्र वेळेवर थाप मारणाऱ्याइतका प्रामाणिक माणूस दुसरा नाही.

दुसरी मागणी जबाबदारीची. प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेला माणूस वर्गात हजर असावा, दुखापतींची वही ठेवली जावी आणि ती नव्याने येणाऱ्याला पाहावयास मिळावी. फीच्या थोड्या भागातून शिकणाऱ्यांचा अपघात-विमा उतरवणेही अशक्य नाही. व्यायामशाळांच्या विकासासाठी क्रीडा विभागाचे अनुदान असते. ते मागताना आपल्या संस्था लोखंडी यंत्रांची यादी जोडतात. त्या यादीत झेलणाऱ्या गाद्यांचे नाव पहिले असावे.

गाद्या महाग असतात, असे यावर लगेच सांगितले जाईल. माझे मनगट बरे झाल्यावर आम्ही काही जणांनी, ज्यांत ती प्लास्टर पाहून थांबलेली शिक्षिकाही आहे, पुन्हा सुरुवात केली ती बारदानांवर. गव्हाचा भुसा दाबून भरलेली गोणपाटे एकमेकांना शिवून घेतली आणि वरून ताडपत्री ताणून चारही बाजूंनी बांधली. आधी कापसाच्या जुन्या गाद्या टाकून पाहिल्या होत्या. त्यांत पाऊल रुतून घोटा मुरगळू लागला, म्हणून त्या काढल्या. भुशाला उंदीर लागतात, पावसाळ्यात वास येतो, आणि तीन-चार महिन्यांनी भुसा बदलावा लागतो. आम्ही सातजण आहोत, सगळे पस्तिशीच्या पुढचे. उभ्याने मागे पडणे अजून दोघांना जमलेले नाही, आणि त्यांना घाई करावी असे कोणाला वाटत नाही. बुक्की मारावयाचे शिक्षण दिवाळीनंतर सुरू करावयाचे ठरले आहे. शिकवणारा मिळाला आहे, पण त्याला आमची अट अजून पूर्णपणे पटलेली नाही.